माँट्रियलमध्ये इंग्रजी बोललं की दंड होतो?

‘माँट्रियलमध्ये इंग्रजी बोललात तर दंड होतो,’ हा निरोप कॅनडाला निघालेल्यांना वर्षानुवर्षं येतोय. तसं नाही. माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे, तिथला १९७७चा फ्रेंच भाषेचा कायदा पाट्या, कंपन्यांचा कारभार, सरकारी कामकाज आणि शाळा यांना लागू होतो. आपसातल्या बोलण्याला नाही. दुकानात शिरलं की अनेकदा ‘बाँजूर, हाय’ (आधी फ्रेंच, मग इंग्रजी नमस्कार) कानावर पडतं. तुम्ही ‘हाय’ म्हणालात की पुढचं इंग्रजीत. गैरसमज पाट्यांवरून झाला असावा. तिथेही इंग्रजी चालते, फक्त फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी. कायद्याचं ५८वं कलम क्वेबेक सरकारच्या संकेतस्थळावर इंग्रजीतही आहे, स्वतः वाचून बघा. खरी काळजी शाळेची: बाहेरून कायमचं राहायला आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा सहसा फ्रेंचच मिळते. लहान मूल सोबत असेल तर निघण्याआधी तेवढं नक्की विचारून घ्या.