'मालकाच्या परवानगीशिवाय': मतदान ॲपची तपासणी आणि एका कलमाची पार्श्वभूमी

28 जून 2025 रोजी बिहारमधल्या पाटणा, रोहतास आणि पूर्व चंपारण जिल्ह्यांतल्या सहा नगर संस्थांसाठी मतदारांनी घरी बसून मोबाईलवरून मते दिली. सव्वादोन महिन्यांनी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कर्नाटक मंत्रिमंडळाने बरोबर उलटी शिफारस केली: स्थानिक निवडणुका ईव्हीएमऐवजी मतपत्रिकेवर घ्या. त्यामुळे बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीच्या मतदाराच्या हातात असे ॲप इतक्यात पडेल असे दिसत नाही. तरी प्रश्न इथे जुनाच आहे. सप्टेंबर 2021 मध्ये बेळगाव महापालिकेच्या 58 प्रभागांची निवडणूक झाली ती कागदी चिठ्ठी दाखवणारे यंत्र न जोडता, आणि निकालानंतर त्यावरून बराच वाद झाला. यंत्र आतून तपासायचे कोणी, आणि तपासले तर गुन्हा कोणता, हे मात्र त्या वादात फारसे कोणी विचारले नाही. ॲप येण्याआधी ते विचारून ठेवलेले बरे.

आपल्याकडे यंत्र आधी येते, कायदा मागून. 1982 मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात 50 केंद्रांवर ईव्हीएम वापरले गेले. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात तरतूद नाही म्हणून ते मतदान रद्द ठरवले, आणि यंत्राला जागा देणारे लोकप्रतिनिधित्व कायद्यातले 61अ हे कलम मार्च 1989 पासून लागू झाले. हे कलम लोकसभा-विधानसभेपुरते आहे. महापालिका आणि पंचायती राज्याच्या कायद्याने आणि राज्याच्या वेगळ्या निवडणूक आयोगाकडून चालतात, त्यामुळे मोबाईलचे प्रयोगही खालून, नगरपालिकेपासून सुरू झाले. तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात ऑक्टोबर 2021 मध्ये स्मार्टफोनवरून झाली ती नुसती रंगीत तालीम होती. बिहारची मते खरी मोजली गेली.

बेळगावने स्वतः एकदा यंत्रणेची परीक्षा घेतली आहे. 1996 च्या लोकसभेला इथे 456 उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिका पुस्तकासारखी झाली. त्या काळच्या ईव्हीएममध्ये जास्तीत जास्त 64 नावे मावत. त्याच वर्षी खुल्या गटाची अनामत 500 वरून 10,000 रुपयांवर गेली. संगणकवाले ज्याला ताण-चाचणी म्हणतात ती हीच. फक्त अर्ज भरून, पावती घेऊन केलेली, म्हणून कोणावर गुन्हा झाला नाही.

आजच्या वादाची मुळे 2010 या एका वर्षात सापडतात. त्या वर्षी एप्रिलमध्ये एका भारतीय तंत्रज्ञाने दोन परदेशी सहकाऱ्यांबरोबर खरे ईव्हीएम उघडून दाखवले. निकाल दाखवणारी पट्टी काढून तशीच दिसणारी, आत ब्लूटूथ दडवलेली पट्टी बसवली की फोनवरून आकडे बदलता येतात, हा एक प्रकार. मते साठवणाऱ्या चिपला ती मते बदलणारा चिमटा लावणे हा दुसरा. 21 ऑगस्टला मुंबई पोलिसांनी त्या तंत्रज्ञाला हैदराबादच्या घरातून उचलले. गुन्हा होता यंत्राच्या चोरीचा, कारण ते मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेले होते आणि देणाऱ्याचे नाव सांगायला त्याने नकार दिला. आठवड्याभराने जामीन झाला. यंत्रात दोष आहे की नाही हा प्रश्न कोर्टापुढे आलाच नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर वॉशिंग्टन शहराने परदेशातल्या मतदारांसाठी बांधलेली इंटरनेट मतदान यंत्रणा लुटूपुटूच्या निवडणुकीसाठी खुली केली आणि 'या, फोडून दाखवा' असे जाहीर आमंत्रण दिले. एका विद्यापीठाचा चमू 48 तासांत आत होता. मतपत्रिकेची पीडीएफ चढवताना फाईलच्या नावाचा शेपटाकडचा भाग न तपासता सर्व्हरच्या आज्ञेत जात होता; त्या नावातच आज्ञा लिहून पाठवली की सर्व्हर ती पाळे. टाकलेली सगळी मते बदलली गेली. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तो कामाचे जवळपास दोन दिवस उलटल्यावर, तोही मत दिल्यानंतरच्या पानावर विद्यापीठाचे गाणे वाजू लागले म्हणून. भरलेल्या मतपत्रिका इंटरनेटवरून स्वीकारण्याचा बेत शहराने सोडला, तपासणाऱ्यांना हात लावला नाही. दोन्ही चमूंत एक माणूस सामाईक होता. फरक होता आमंत्रणाचा.

आता मूळ गुंता. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधले कलम 43 सुरू होते ते 'मालकाच्या किंवा ताबा असलेल्या अन्य व्यक्तीच्या परवानगीशिवाय' या शब्दांनी. पुढे यादी आहे: संगणकात प्रवेश मिळवणे, माहिती उतरवून किंवा नक्कल करून घेणे, व्यत्यय आणणे वगैरे. हेतू चांगला की वाईट, हे 43 मधल्या प्रवेशाच्या किंवा नकलेच्या पोटकलमात विचारलेलेच नाही. परवानगी नव्हती आणि प्रवेश झाला, एवढ्यावर भरपाईचा दावा उभा राहतो. मूळ कायद्यात भरपाईला एक कोटीची मर्यादा होती. 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती काढली.

फौजदारी बाजू कलम 66 मध्ये. 2000 च्या मूळ कायद्यात त्याचे शीर्षकच 'हॅकिंग' होते, आणि नुकसान होईल याची नुसती जाणीव असणेही पुरे होते. 2009 नंतर शीर्षक गेले आणि अट आली: कलम 43 मधली कृती 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' केलेली हवी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड पाच लाखांपर्यंत, गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र. तपासणाऱ्याचा खरा बचाव या दोन शब्दांत आहे, म्हणून त्यांचा अर्थ दंडसंहितेतून नीट वाचावा लागतो. अप्रामाणिकपणा म्हणजे एकाला गैर लाभ किंवा दुसऱ्याला गैर हानी व्हावी हा हेतू, आणि लाभ-हानी मालमत्तेची. नाव होणे ही मालमत्ता नव्हे. पण दोष कळवणाऱ्या पहिल्याच ईमेलमध्ये 'मोबदला ठरला की तपशील देतो' असे एक वाक्य लिहिले की लाभाचा हेतू आपल्याच हाताने नोंदला जातो, आणि खंडणीचे कलमही जवळ येते. 'कपटाने' या शब्दाची व्याख्या तर 'फसवण्याच्या हेतूने, अन्यथा नव्हे' अशी होती. व्याख्येने स्वतःचीच शेपटी धरलेली.

यापेक्षा अवघड प्रश्न: मतदान ॲपचा मालक कोण? फोन मतदाराचा. ॲप लिहिणारी संस्था एक, सर्व्हर दुसऱ्याच्या केंद्रात, मतदार यादी आयोगाची, ओटीपी पाठवणारी कंपनी चौथी, चेहरा जुळवणारी सेवा पाचवी. निवडणूक अधिकाऱ्याने पत्र दिले तरी चेहरा जुळवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर केलेला प्रयोग त्या पत्रात बसत नाही. आणि सरकारने राजपत्रात यंत्रणा 'संरक्षित' म्हणून जाहीर केली असेल तर कलम 70 लागते: नुसत्या प्रयत्नालाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तिथे 'अप्रामाणिकपणे' हा शब्द नाही. म्हणून कामाची सुरुवात संगणकावर नाही, राजपत्र चाळण्यापासून होते.

तपासणीत प्रत्यक्ष काय करतात, हे पाहिले की रेष कुठे ओलांडली जाते ते कळते. अधिकृत स्टोअरमधून ॲप स्वतःच्या जादा फोनवर घ्यायचे, केबल लावून त्याची एपीके फाईल (ॲप ज्या एका फाईलमधून बसते ती) संगणकावर काढायची, लगेच तिची हॅश, म्हणजे फाईलचा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, नोंदवायची. पुढे 'तुम्ही फाईल बदललीत' असा आरोप आला तर हाच पुरावा. मग जॅडएक्ससारख्या साधनाने कोड वाचायचा: मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्यांच्या यादीत) बॅकअप उघडा आहे का, कुठली खिडकी दुसऱ्या ॲपला खुली आहे, गुप्त किल्ल्या कोडमध्येच लिहून ठेवल्यात का. इथवर दुसऱ्याच्या संगणकाला स्पर्श नाही. प्रोग्रॅमचे काम समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये 1999 च्या दुरुस्तीने जागा आहे. मात्र 2012 मध्ये आलेल्या 65अ ने डिजिटल कुलूप फोडण्याचा गुन्हा वेगळा केला, आणि संगणक यंत्रणेच्या सुरक्षा-चाचणीची सूट दिली ती पुन्हा 'मालकाच्या संमतीने'.

पुढची पायरी ॲप आणि सर्व्हर यांच्यातली माहितीची रहदारी पाहण्याची. त्यासाठी मध्ये आपले प्रमाणपत्र घालावे लागते. अँड्रॉइड 7 पासून वापरकर्त्याने टाकलेले प्रमाणपत्र ॲप आपणहून मानत नाही, शिवाय ॲपमध्ये ठरावीक प्रमाणपत्राचा खिळा ठोकलेला असतो. तो फ्रिडाने, म्हणजे चालत्या ॲपचे वागणे बदलणाऱ्या साधनाने, काढावा लागतो, आणि रूट केलेला (पूर्ण ताबा मिळवलेला) फोन ओळखणारे ॲप तिथेच बंद पडते. हे जमले की मोह सुटतो: विनंतीतला मतदार क्रमांक एकाने वाढवून बघू. दुसऱ्याची माहिती आली तर दोष सिद्ध, आणि त्याच क्षणी कलम 43 ही सिद्ध. खऱ्या निवडणुकीत दुसऱ्याच्या नावाने मत टाकून पाहणे तर तोतयेगिरी. भारतीय न्याय संहितेत त्याला वर्षभरापर्यंतची कैद वेगळी.

यातून वाट अमेरिकेतल्या संशोधकांनी काढली. 2018 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात परदेशस्थ सैनिकांसाठी एक मोबाईल मतदान ॲप वापरले गेले. पुढच्याच वर्षी त्यात शिरण्याच्या प्रयत्नाची केंद्रीय चौकशी सुरू असल्याचे जाहीर झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये एका विद्यापीठाच्या चमूने त्याच ॲपचे दोष प्रसिद्ध केले, पण खऱ्या सर्व्हरला हात न लावता: कोड वाचून सर्व्हर कसा बोलत असेल ते ताडले आणि तसा नकली सर्व्हर स्वतःच्या टेबलावर बांधला. कंपनीने 'नकली सर्व्हरवरचे निष्कर्ष खोटे' म्हटले; महिन्याभरात तिनेच नेमलेल्या तपासनीसांनी 48 तांत्रिक दोष काढले.

विद्यापीठाच्या चमूला सापडलेला एक दोष आपल्या लिपीत जास्त बोचतो. मत कुलूपबंद (सांकेतिक) करून पाठवले तरी माहितीच्या पाकिटाची लांबी दिसते, आणि निवडलेल्या उमेदवाराचा मजकूर पाकिटात जात असेल तर लांबीवरून नाव ताडता येते. रोमन लिपीत 'कदम' पाच बाइट, 'कुलकर्णी' आठ, फरक तीनचा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा आणि हलन्त धरून: 'कदम' 9, 'कुलकर्णी' 24. फरक पंधराचा. कन्नड लिपीतही चिन्हाला तीनच बाइट. उपाय साधा आहे, प्रत्येक पाकीट ठरावीक लांबीपर्यंत भरून पाठवायचे. पण दोन-तीन भाषांचे ॲप करताना तो फक्त इंग्रजी नावांवर तपासलेला असतो.

त्या कंपनीने पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात स्वतःहून निवेदन देऊन परवानगीशिवायच्या तपासणीला संरक्षण नको अशी बाजू मांडली. जून 2021 मध्ये न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी तिथल्या संगणक-गुन्हे कायद्यातल्या 'अधिकाराबाहेर प्रवेश' या शब्दांचा अर्थ आखडला, आणि मे 2022 मध्ये तिथल्या न्याय खात्याने सद्भावनेने केलेल्या तपासणीवर खटले न भरण्याचे धोरण काढले. आपल्याकडे दोष कळवायची केंद्रीय सोय आहे, पण कळवणाऱ्याला कायद्याने अभय नाही.

सीमाभागात यावर आणखी थर चढतात. निपाणीच्या कडेला फोन कागलकडचा टॉवर धरतो, अनेकांचे सिम महाराष्ट्राचे. ठिकाण पाहून दार उघडणारे ॲप असेल तर बाहेरचे ठिकाण दिसले तो दोष की हल्ला, हे लॉगवरून (नोंदींवरून) सांगता येत नाही. नावांचा घोळ वेगळाच: यादीत कन्नडवरून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आलेला 'चवान' आधारवरच्या 'चव्हाण'शी जुळेलच असे नाही. बिहारमध्ये एका नंबरावर दोनच मतदारांना मुभा होती. पाच जणांत एक फोन असलेल्या घराचे इथे काय, हेही तपासायचेच. आणि नंबरांचा माग किती लांब जातो ते कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदने दाखवले. तिथे नावे वगळण्याचे 6,018 ऑनलाइन अर्ज आले, पडताळणीत 24 खरे निघाले, आणि 2023 मध्ये दाखल झालेल्या गुन्ह्याचा तपास अर्जामागचे फोन नंबर आणि आयपी पत्ते धरूनच चालला. अशा नोंदीत तपासणाऱ्याचा नंबर चोरट्याच्या नंबराशेजारीच दिसतो.

जुलै 2024 पासून कायद्यानेच तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, मग ती अधिकारक्षेत्र असलेल्या ठाण्याकडे वर्ग होते. कोल्हापुरात बसून बेंगळुरूच्या सर्व्हरवर प्रयोग करणाऱ्याला बेळगावच्या सायबर ठाण्याची नोटीस येऊ शकते, आणि लॅपटॉप जप्तीचा पंचनामा कन्नडमध्ये होतो. म्हणून परवानगीचे पत्र घ्यायचे ते निवडणूक अधिकारी, सर्व्हरचा ताबेदार आणि ॲप बांधणारा अशा तिघांच्या सहीचे; त्यात तारखा, आपला आयपी पत्ता, फोन नंबर आणि 'यापलीकडे हात लावणार नाही' अशी यादी. मूळ पत्र कन्नडमध्ये असावे. मराठी प्रत आपल्यासाठी. ठाण्यात वाचली जाते ती कन्नडच.