रॅम भरली की पानं कुठे जातात?

शिंदखेडा तालुक्यात माझा आतेभाऊ सेवा केंद्र चालवतो. जुलैत पीकविम्याची झुंबड, दाराशी कापूसवाल्यांची रांग. सातबारा, विमा, बँक असे ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडे, शिवाय स्कॅनर. आणि ब्राउझर धाडकन बंद! अर्धा भरलेला अर्ज गेला. त्याचा फोन आला, "दादा, मशीन परत बंद पडी गयं."

मशीनमध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, 4 जीबी. एका दुरुस्तीवाल्याने "फास्ट पळेल" म्हणून पेज फाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा, बंद करून ठेवली होती.

विंडोज रॅमची 4 केबीची पानं, म्हणजे छोटे तुकडे, पाडतं. रॅम भरत आली की बरेच दिवस न लागलेली पितळी भांडी माळ्यावर टाकावीत, तशी पडून असलेली पानं डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये जातात. प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकातली, 1962 सालची.

पण माळ्यावर चढायला वेळ लागतो, आणि तो किती ते ऐकाच. रॅममधून काही आणायला साधारण 100 नॅनोसेकंद, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून 10 मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. ओट्यावरचा तांब्या उचलायला एक सेकंद धरला, तर माळ्यावरचा हाती यायला जवळपास 28 तास! एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर, तेच काम पाव तासाचं. रॅम फारच अपुरी असेल तर संगणक दिवसभर चढ-उतारच करत बसतो.

मग माळाच काढून टाकला तर? इथेच दुरुस्तीवाला फसला. प्रोग्राम जागा आधी मागून ठेवतात, वापरतात त्यातली थोडीच. रॅम आणि पेज फाइल मिळून जेवढी जागा, तेवढ्याचाच शब्द विंडोज देतं. माझ्या भावाच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅम थोडी शिल्लक दिसत होती, ‘कमिटेड’चा, म्हणजे शब्द दिलेल्या जागेचा, आकडा मात्र काठोकाठ. पुढच्या मागणीला नकार मिळाला आणि ब्राउझर कोसळला.

सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स, तिथे व्हर्च्युअल मेमरी. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर टिक करून पेज फाइल परत विंडोजच्या हाती दिली आणि मशीन रीस्टार्ट केलं. "पेज फाइल रॅमच्या दीडपट ठेवा" हा जुना तोडगा मी कोणाला सांगत नाही. 32 जीबीवाल्याने 48 जीबी डिस्क कशाला अडवावी?

ब्राउझर आता पडत नाही, रांगतो. आणखी 4 जीबी रॅम कापूस विकला की टाकणार आहे. तोवर स्कॅनर बंद केल्याशिवाय विम्याचा टॅब उघडायचा नाही, अशी चिठ्ठी त्याने मॉनिटरला चिकटवली आहे.