एसएमयूची 2024 ची टीम, आणि त्यामागचा 1987 चा किस्सा

2024 च्या सीझनमध्ये टेक्ससमधल्या डल्लसची एसएमयू म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफला, म्हणजे देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीला, पोचली तेव्हा अमेरिकेतले जुने फॅन्स एवढे हरखले का, हे कळायला 80 च्या दशकात जावं लागतं.

तेव्हा एसएमयूची टीम जबरदस्त होती. एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स असे दोन रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारे प्लेयर, आळीपाळीने धावायचे, लोक त्यांना पोनी एक्सप्रेस म्हणायचे. 1982 ला तर टीम एकही मॅच हरली नाही, आर्कान्सासशी एक 17-17 बरोबरी सुटली तेवढीच, आणि कॉटन बोल या सीझनअखेरच्या मानाच्या मॅचमध्ये डॅन मरिनो या स्टार प्लेयरच्या पिट्सबर्गला 7-3 ने हरवलं. आता एवढ्याशा प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत एवढे तगडे प्लेयर येतात कसे, हा प्रश्न टेक्ससमध्ये सगळ्यांनाच पडलेला, आणि उत्तरही बहुतेकांना माहीत होतं. पैसे. कॉलेज प्लेयरला स्कॉलरशिपच्या वर एक पैसा द्यायचा नाही असा एनसीएएचा, म्हणजे कॉलेज स्पोर्ट्स चालवणाऱ्या संस्थेचा, नियम होता. तो बाकीचेही मोडायचे म्हणा, पण हे लोक सारखे सापडायचे.

1985 ला कारवाई झाली, प्रोबेशन लागलं, म्हणजे टीमवर निर्बंध आणि नजर आली, आणि तरीही पाकिटं चालूच राहिली. नोव्हेंबर 1986 मध्ये डल्लसच्या एका टीव्ही चॅनेलवर डेव्हिड स्टॅन्ली नावाच्या माजी प्लेयरने सांगून टाकलं की साइन करायला मला 25,000 डॉलर मिळाले. त्याच रिपोर्टसाठी रिपोर्टर डेल हॅन्सनने कॉलेजच्या माणसांसमोर एक पाकीट ठेवलं, प्लेयरच्या घरी पोस्टाने आलेलं, आणि भरतीचं काम बघणारा असिस्टंट आधी म्हणाला हो अक्षर माझंच दिसतंय, मग लगेच फिरला, नाही नाही माझं नाही. तो सीन बघितला की पुढे कोणी काही सिद्ध करायची गरजच उरत नाही.

25 फेब्रुवारी 1987 ला एनसीएएची डेथ पेनल्टी लागली, म्हणजे टीमच बंद ठेवायची सगळ्यात कडक शिक्षा. 1987 चा अख्खा सीझन रद्द. 1988 ला होम गेम्स बंद, मग नुसत्या बाहेरच्या मॅच काय खेळायच्या म्हणून युनिव्हर्सिटीने तो सीझनही सोडून दिला. पेनल्टीनंतर आठवड्याभरातच टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं की मी युनिव्हर्सिटीच्या बोर्डाचा अध्यक्ष असताना हे पेमेंट चालू ठेवायला आमची संमती होती, कारण पोरांना शब्द दिलेला होता. (आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.) खरं तर अचानक बंद केलं तर पोरं तोंड उघडतील ही भीती पण होतीच.

1989 ला टीम परत उभी केली ती जवळपास सगळी फर्स्ट इयरची पोरं घेऊन. दुसऱ्याच मॅचला कनेक्टिकटविरुद्ध शेवटच्या प्लेवर 31-30 असे जिंकले, पण पुढे ह्यूस्टनने 95-21 ने अक्षरशः धुतलं. सीझनअखेर 2 विजय, 9 पराभव. त्यानंतर 2008 पर्यंत फक्त 1997 चा एकच सीझन असा की ज्यात हरण्यापेक्षा जिंकणं जास्त. त्यात एसएमयू ज्या गटात खेळायची ती साउथवेस्ट कॉन्फरन्स (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) 1996 ला बंद पडली, टेक्सस, टेक्सस ए अँड एम वगैरे युनिव्हर्सिटी मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेल्या आणि एसएमयूला कोणी विचारलंच नाही, लहान कॉन्फरन्समध्ये इकडून तिकडे फिरत राहिले.

दरम्यान नियमच बदलले. 2021 पासून प्लेयर स्वतःच्या नावावर उघडपणे पैसे कमवू शकतात, म्हणजे ज्यासाठी एसएमयूला गाडलं ते आता बऱ्यापैकी कायदेशीर झालं, आणि डल्लसचे श्रीमंत माजी विद्यार्थी तर तयारच बसलेले! एसीसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये घुसायला एसएमयूने 9 वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा सोडला, आणि आठवड्याभरात देणगीदारांकडून 10 कोटी डॉलर उभे केले. माझ्या मते 2024 ची खरी मॅच तिथेच जिंकली.

मैदानावर कोच ऱ्हेट लॅशली आणि क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य प्लेयर, केविन जेनिंग्ज. पहिल्याच वर्षी एसीसीमध्ये 8 पैकी 8, फायनलला मात्र क्लेमसनने अगदी शेवटच्या क्षणी 56 यार्डांची किक मारून 34-31 ने घेतली. तरी प्लेऑफच्या टीम निवडणाऱ्या कमिटीने अलाबामाला बाहेर ठेवून एसएमयूला घेतलं, त्यावरून जी बोंबाबोंब झाली ती वेगळीच. प्लेऑफच्या मॅचला पेन स्टेटच्या थंडीत जेनिंग्जचे दोन पास पहिल्या हाफमध्येच पकडून पेन स्टेटच्या प्लेयर्सनी थेट टचडाऊन केले, आणि एसएमयूची मॅच 38-10 ने गेली.