मोटर अलिप्त हवी!

अमेरिकेतल्या ॲथर्न कंपनीची निळ्या खोक्यातून विकली गेलेली एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराची डिझेल इंजिनं मॉडेल रेल्वेवाल्यांकडे आजही ठणठणीत चालतात. धातूचा जड सांगाडा, मोटरच्या दोन्ही टोकांना फ्लायव्हील, आणि खोलायला फारशी हत्यारं लागत नाहीत. त्यांत डिजिटल डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेला हुकूम ओळखून मोटर चालवणारी चिप, बसवायचा म्हटलं की लोक चिप कोणती घ्यावी यावर तासन्‌तास बोलतात. खरं काम मात्र चिप हातात घेण्याआधीचं आहे.

जुन्या पद्धतीत रुळांना शून्य ते १२ व्होल्ट डीसी मिळत असे. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण टोकं बदलली की गाडी उलटी जाते. एकाच रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम पळणार. एकाला थांबवायचं तर रुळाचे तुकडे वेगळे तोडून प्रत्येकाला स्वतंत्र स्विच हवा. इंग्लंडच्या हॉर्नबीने १९७९ साली ‘झीरो-वन’ ही डिजिटल यंत्रणा आणून १६ इंजिनं वेगवेगळी चालवायची सोय दिली होती. पण सगळीकडे रुजली ती जर्मनीतल्या लेंझ कंपनीच्या कामातून उभी राहिलेली डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धत. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात तिलाच मानक ठरवलं.

डीसीसीत रुळांवर साधारण १४-१५ व्होल्ट कायम असतात, गाडी उभी असली तरी. ही वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटण्याच्या कालावधीतच संदेश असतो. प्रत्येक बाजू ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो ‘एक’, सुमारे १०० टिकली तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांतून आधी इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, शेवटी चूक पकडण्यासाठी एक पडताळणीचा आकडा. डिकोडर हे सगळं ऐकतो, आपला पत्ता नसेल तर सोडून देतो, असेल तर चार ट्रान्झिस्टरांच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या) पुलातून मोटरला हवी तेवढीच वीज सोडतो.

आता अडचण बघा. स्कूटरच्या वायरिंगमध्ये बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडून एक तार वाचवतात, तीच काटकसर ॲथर्नने केली होती. एका रुळाची वीज बोगीतून, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतून, थेट सांगाड्यात येते आणि मोटरच्या खालच्या ब्रशची (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्याची) क्लिप त्या सांगाड्यालाच टेकलेली असते. दुसऱ्या रुळाची वीज वरच्या पत्र्याच्या पट्टीतून वरच्या क्लिपला. डीसीवर हे झकास चालतं. डिकोडर लावल्यावर मात्र मोटरचं एक जरी टोक रुळाला टेकलेलं राहिलं, तर रुळाची वीज मागच्या दाराने त्या पुलात शिरते. जळका वास येईपर्यंत चिप गेलेली असते.

म्हणून मोटर बाहेर काढायची, खालची क्लिप उलटी बसवून तिचे सांगाड्याला टेकणारे उंचवटे वर घ्यायचे किंवा कापून टाकायचे, आणि मोटरखाली केप्टॉन टेप चिकटवायची (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे दिसते ती पिवळसर टेप). मग दोन्ही क्लिपांना तारा सोल्डर करायच्या. जुन्या ट्रायँग-हॉर्नबी इंजिनांतल्या एक्स-झीरो-फोर मोटरमध्ये ब्रश दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एकाच दांडीवर इन्सुलेशनची नळी असते. तशीच दुसरीवरही चढवावी लागते. रेडिओ-टीव्हीतली खरखर टाळायला लावलेला कपॅसिटर असेल तर तोही काढलेला बरा.

सोल्डरिंगनंतर मल्टिमीटरची बीपवाली तपासणी. ब्रशचं कुठलंही टोक आणि सांगाडा, ब्रश आणि चाकं, कुठेही बीप वाजता कामा नये. ही पायरी गाळणाऱ्यांमुळे डिकोडर विकणाऱ्यांचा धंदा चालतो, असं मला कधीकधी वाटतं.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, आणि निळी म्हणजे दिव्यांची सामाईक धन तार. जुना बल्बही बहुधा सांगाड्यावरच टेकलेला असतो, त्यालाही सोडवावं लागतं. त्याऐवजी १००० ओहमचा रेझिस्टर जोडून एलईडी लावणं मला सोपं वाटतं.

डिकोडर जोडण्याआधीचं आणखी एक मोजमाप महत्त्वाचं: मोटरला १२ व्होल्ट देऊन फ्लायव्हील बोटाने क्षणभर धरून ठेवायचं आणि अँपिअर वाचायचे. एचओच्या पुष्कळ डिकोडरांची सततची मर्यादा एक अँपिअरच्या आसपास असते. आकडा त्याहून बराच जास्त आला, तर वाळलेलं ग्रीस आणि काळवंडलेला कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो मोटरचा भाग) आधी साफ करावा. तरीही उतरला नाही, तर मोठा डिकोडर शोधण्यापेक्षा मोटरच बदलावी.

यानंतरही इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवायचं नाही. प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर वीज मर्यादित असते, त्यामुळे जोडणी चुकली असली तरी डिकोडर सहसा वाचतो. तिथे पत्ता विचारला की डिकोडर मोटरला सहा मिलिसेकंदांचा झटका देऊन किमान ६० मिलिअँपिअर जास्त खेचतो; कंट्रोलरला तेच उत्तर समजतं. इंजिन जागच्या जागी जरासं हललं आणि पडद्यावर नव्या डिकोडरचा ठरीव पत्ता ‘३’ उमटला, तर जोडणी बरोबर. मग तो बदलून इंजिनाच्या अंगावर रंगवलेला नंबरच पत्ता म्हणून द्यावा, आणि वरचं कवच त्यानंतरच बसवावं.