जुनिपरला वळण दिल्यावर कुंडी लगेच का बदलू नये

ग्राहकबंधुभगिनींना सप्रेम नमस्कार.

आमच्या लातूरच्या रोपवाटिकेतून जुनिपरचे रोप नेलेले बरेच ग्राहक दीड-दोन महिन्यांनी तपकिरी पडलेले रोप हातात घेऊन परत येतात, आणि सर्वांचे म्हणणे जवळपास सारखेच असते: रोप महिनाभर हिरवेगार होते, नंतर आठ दिवसांत वाळून गेले, म्हणजे ते मुळातच रोगट असले पाहिजे. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारतो, की तार बांधून वळण दिल्यावर कुंडी केव्हा बदलली? दहापैकी आठ जणांचे उत्तर "त्याच दिवशी" असे असते. हे पत्रक त्या एका चुकीसाठी लिहिले आहे. जुनिपर हे सदाहरित झाड, आणि बोन्साय म्हणजे कुंडीत मुद्दाम लहान ठेवून, खोडाला तारेने वळण देऊन वाढवलेले झाड, एवढे आपणास ठाऊक आहे असे आम्ही धरून चालतो.

प्रथम त्या हिरवेपणाविषयी. जास्वंद किंवा गुलाब संकटात सापडला की संध्याकाळपर्यंत माना टाकतो आणि आपल्याला सावध करतो. जुनिपर तसे करत नाही. त्याची पाने खवल्यांसारखी किंवा सुईसारखी बारीक, जाड सालीची आणि राळयुक्त असल्यामुळे त्यांतील ओल फार हळू निघून जाते, आणि मुळे मेल्यानंतरही चार ते सहा आठवडे झाड बाहेरून हिरवे दिसत राहते. म्हणून ज्या दिवशी ते तपकिरी होते, तो दिवस त्याच्या मरणाचा नसतो. मरण महिनाभर आधीच येऊन गेलेले असते. शंका आली तर पानांकडे न पाहता खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे. थर कोरडा व तपकिरी असेल तर त्यानंतर कितीही पाणी, खत वा औषध दिले तरी उपयोग होत नाही.

आता कारण. पेन्सिलीएवढ्या जाडीचे खोड आपण पीळ देऊन वाकवतो, तेव्हा ते वरून अखंड दिसले तरी आत त्याचे तंतू एकमेकांपासून सुटतात, साल आणि लाकूड यांच्या मधला जिवंत थर ठिकठिकाणी फाटतो आणि पानांकडे जाणाऱ्या पाण्याची वाट अरुंद होते. ही जखम जुनिपर भरून काढते, आणि चांगली भरून काढते. जुनिपरला इतके तीव्र पीळ देता येतात ते याच गुणामुळे. मात्र त्यासाठी खालून पाण्याचा पुरवठा अखंड चालू राहावा लागतो. कुंडी बदलताना आपण नेमका तोच तोडतो, कारण पाणी ओढून घेणारी केसासारखी बारीक मुळे माती सोडवताना प्रथम तुटतात. वरची वाट अरुंद आणि खालचा पुरवठा बंद, असे एकाच दिवशी घडल्यावर झाडाजवळ सावरण्यासाठी काहीही शिल्लक राहत नाही. यांपैकी कोणतेही एक काम निरोगी रोप सहज सोसते.

म्हणून आमची पद्धत अशी आहे, की तार आणि वळण यांचे काम दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत करावे आणि कुंडी पुढच्या जूनअखेर, पाऊस स्थिरावल्यावर बदलावी. मधे किमान साडेपाच महिने जातात, आणि ते जाऊ द्यावेत. काही जाणकार फेब्रुवारीत कुंडी बदलण्याचा सल्ला देतात, व पुण्याच्या किंवा बंगळूरच्या हवेत तो योग्यही आहे. आपल्याकडे मात्र फेब्रुवारीनंतर दोन महिन्यांत ऊन चाळीस अंशांवर पोहोचते, आणि नव्या मुळ्यांनी अजून मातीत जम धरलेला नसतानाच कोरडा वारा सुरू होतो. आषाढात हवेत ओल असते, पानांतून पाणी कमी उडते आणि मुळांना सावरायला उसंत मिळते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा आम्हालाही रोपांना मोजून पाणी द्यावे लागत होते. त्या वर्षी खोल कुंडीतील आमची जुनिपरची रोपे सावलीच्या हिरव्या जाळीखाली तग धरून राहिली, आणि हौसेने जानेवारीत उथळ ट्रेमध्ये बसवलेली जवळजवळ सर्व गेली, कारण दोन इंच मातीचा ट्रे सकाळी भिजवला तरी दुपारी एकपर्यंत कोरडा पडत असे. तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही एकही जुनिपर ट्रेमध्ये बसवलेले नाही.

यामुळेच आम्ही वळण दिलेले रोप साध्या काळ्या कुंडीत विकतो. काही ग्राहकांना त्यात आमचा हात आखडलेला दिसतो, आणि बाजारात तयार, चकचकीत ट्रेमधले, वर शेवाळ लावलेले रोप त्याहून कमी किमतीत मिळते हेही खरे आहे. असे रोप घेण्यापूर्वी त्याचे खोड दोन बोटांनी हलवून पाहावे. बुंध्यापाशी डुलत असेल तर ते नुकतेच बसवलेले आहे असे समजावे. आमच्याकडील ट्रे आपण आजच पसंत करून घरी नेऊ शकता, म्हणजे त्याच्या आकाराकडे पाहत वळणाचा विचार करता येतो. रोप त्यात कसे बसवायचे ते आपण मिळून जून-जुलैत पाहू, आणि आमच्याकडून घेतलेल्या रोपाच्या पहिल्या कुंडीबदलाचे कोणतेही शुल्क आम्ही घेत नाही.

वळण घरी देणार असाल तर दोन-तीन वर्षांचे, पेन्सिलीएवढ्या खोडाचे रोप निवडावे. एकदा खोड अंगठ्याएवढे झाले की छोटे, घट्ट पीळ बसत नाहीत, आणि वीतभर उंचीच्या बोन्सायमध्ये सारी शोभा त्या पिळाचीच असते. जपानमध्ये इतोइगावाच्या कड्यांवर आणि शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वतावर वाढणारी जुनिपरची झाडे वारा, बर्फ आणि दरडी यांच्या माराने पिळवटलेली असतात, व बोन्सायमधील वळणाचा आदर्श तेथून आलेला आहे. आदल्या दिवशी पाणी देऊ नये, कारण किंचित तहानलेले खोड अधिक लवचीक असते. तार अॅल्युमिनियमची आणि जाडीने खोडाच्या सुमारे एक तृतीयांश असावी, म्हणजे आठ मिलिमीटरच्या खोडाला अडीच ते तीन मिलिमीटरची. लांबी खोडाच्या दीडपट घ्यावी. तारेखाली जपानी कारागीर राफियाची, म्हणजे ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या तंतूंची, भिजवलेली पट्टी गुंडाळतात. ती महाग पडते व इथे सहज मिळतही नाही, म्हणून आम्ही अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे तंतू, रात्रभर भिजवून वापरतो. ओला वाख घट्ट गुंडाळला की वाळताना आणखी आवळतो आणि फुटू पाहणाऱ्या सालीला धरून ठेवतो. आम्ही वाखाच्या लहान जुड्या तारेबरोबरच देतो.

तारेचे एक टोक बुंध्यामागे मातीत खोल, मुळांच्या गड्ड्यातून आरपार रोवावे. ते वरवर खुपसले तर पुढची सारी तार खोडावर नुसती सरकत राहते. तेथून साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनात, सारख्या अंतराने, खोडाला लागून पण न रुतवता तार वर न्यावी. पीळ देताना एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी, की तार ज्या दिशेने गुंडाळली त्याच दिशेने खोड पिळावे. त्यामुळे तार आवळत जाते आणि खोडाला आधार देते; उलट पिळले तर ती सैल होते आणि खोड निराधार मोडते. वळण बुंध्यापासून सुरू करावे, दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवावेत, आणि जेथे वाकवायचे तेथे तार बाहेरच्या बाजूने गेलेली आहे याची खात्री करून हळूहळू वाकवावे. बारीकसा करकर आवाज आला तर घाबरू नये, तेथेच थांबून तेवढ्यावर समाधान मानावे. पहिले वळण जमिनीलगत व मोठे असावे, वरची क्रमाने लहान होत जावीत, आणि सर्व एकाच पातळीत नसावीत. घरी केलेली बहुतेक झाडे समोरून नागमोडी आणि बाजूने पाहिली तर सरळ काठीसारखी दिसतात. वळण पुढे-मागेही गेले तरच पीळ दिसतो. फांद्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवाव्यात आणि आतल्या बाजूच्या काढाव्यात.

काढताना हात राखून काढावे. जुनिपर आपली शक्ती पानांत साठवते, त्यामुळे एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक हिरवा भाग घेऊ नये, आणि ठेवायच्या कोणत्याही फांदीच्या टोकाशी हिरवे शिल्लक असलेच पाहिजे, कारण पूर्ण उघड्या पडलेल्या जुन्या फांदीवर जुनिपर सहसा नवे धुमारे फोडत नाही व ती फांदी वाळते. शेंडे नखाने खुडण्याची जुनी सवयही सोडावी. खुडलेली टोके तपकिरी होतात आणि सतत खुडण्याने झाड अशक्त होते. लांबलेला कोंब कात्रीने त्याच्या मुळाशी कापावा. खवल्यांची पाने असलेले झाड जोराने छाटल्यावर पुन्हा बोचऱ्या सुया काढते. तो रोग नसून झाडाने दिलेले उत्तर आहे, आणि एक-दोन वर्षांत खवले परत येतात. नको असलेली एखादी फांदी मुळापासून न कापता तिची साल सोलून पांढरे लाकूड तसेच ठेवता येते. त्याला जपानी भाषेत जिन म्हणतात. ते काम मात्र पहिल्या वर्षी करू नये, ती आणखी एक जखम आहे.

वळण दिलेले रोप तीन आठवडे हिरव्या जाळीखाली, वारा न लागेल अशा जागी ठेवावे, पानांवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा द्यावा आणि महिनाभर खत देऊ नये. पुढे फाल्गुनापासून दर पंधरा दिवसांनी तार तपासावी. पावसाळ्यात खोड वेगाने भरते आणि तार सालीत रुतू लागते. रुतण्यापूर्वी ती तारकापू पक्कडीने तुकडे करून काढावी, उलट दिशेने उलगडू नये, कारण उलगडताना फांदी मोडते. लहान जुनिपरमध्ये काही जपानी उत्पादक तार मुद्दाम रुतू देतात, म्हणजे खोड गाठाळ व पिळदार होते. ते करून पाहायचे असल्यास आधी आम्हाला रोप दाखवावे. तार काढल्यावर खोड सरळ होऊ लागले तर नव्या मार्गाने पुन्हा तार बांधावी, त्यात निराश होण्यासारखे काही नाही.

जुनिपर दिवाणखान्यात जगत नाही. पाहुणे येणार असतील तर एक दिवस आत आणावे आणि दुसऱ्या दिवशी बाहेर न्यावे. त्याला चार-पाच तास सकाळचे ऊन हवे, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारपासून जाळी हवी. पाणी बोट मातीत खुपसून, एक इंच खाली ओल संपत आल्यावरच द्यावे. आपल्याकडील बोअरचे पाणी जड आहे, कुंडीच्या काठावर बसणारा पांढरा थर त्याचाच, म्हणून पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम. आणि पाणी वाया जाऊ नये या सद्हेतूने आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी जुनिपरला घालणारे अनेक ग्राहक आहेत, त्यांना कळकळीची विनंती की तसे करू नये, कारण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहूनही अधिक असतात. उन्हाळ्यात पाने राखाडी, धुळकट दिसू लागली तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर चालणारे लाल ठिपके दिसले तर ती वांग्यावर येते तशीच लाल कोळी आहे. पानांच्या खालून जोराने पाणी मारून ती धुऊन काढावी, आणि हे चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा करावे. भर उन्हात गंधक फवारू नये, पाने करपतात.

जूनअखेर कुंडी बदलताना काळी माती वापरू नये. ती पाणी धरून बसते, नंतर भेगाळते आणि भेगांबरोबर मुळे तोडते. चाळून तीन ते पाच मिलिमीटरचे ठेवलेले मुरमाचे खडे व पक्क्या विटेचे तुकडे आणि त्यात थोडे कुजलेल्या पाल्याचे खत, एवढे पुरते. या मिश्रणाच्या पाच किलोच्या पिशव्या आम्ही तयार ठेवतो, आणि घरी चाळायची तयारी असेल तर चाळणीचा आकारही आनंदाने सांगतो. मुळे एक तृतीयांशाहून अधिक कापू नयेत, आणि नर्सरीतील जुन्या मातीचा गड्डा एका वर्षात पूर्ण सोडवू नये; निम्मा यंदा, उरलेला दोन वर्षांनी.

रोप बदलून देण्याविषयी आमचा नियम असा आहे: खरेदीपासून तीन महिन्यांत, आम्ही दिलेल्या कुंडीतच असलेले रोप वाळले तर दुसरे देतो, कारण विचारण्यापलीकडे काही अडचण करत नाही. कुंडी बदललेली असेल तर देता येत नाही, कारण दोष कोणाचा हे मग कोणालाच सांगता येत नाही. रंग फिका वाटू लागताच रोप घेऊन यावे, तपकिरी होण्याची वाट पाहू नये. नखाने साल तपासायला एक मिनिट लागते. आणताना कुंडीसह बादलीत ठेवून वरून ओले फडके बांधावे. मोटरसायकलवर उघडे आणलेले रोप औशापासून लातूरपर्यंतच्या वाऱ्यात एवढे सुकते, की ते आधीपासूनच तहानलेले होते की वाटेत झाले, हे आम्हाला ओळखता येत नाही. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत तार बांधून दाखवण्याचे काम चालू असते. त्या वेळी आपले रोप घेऊन आलात तर आपल्याच हाताने वळण देता येईल, आम्ही शेजारी उभे राहू.