ज्येष्ठांचा छळ : तपास व पुरावा

साठी ओलांडलेल्या व्यक्तीला घरात किंवा वृद्धाश्रमात मारहाण, दमदाटी, लुबाडणूक वा आबाळ सोसावी लागत असल्याचा संशय आल्यास जबाब, वैद्यकीय नोंदी व कागदपत्रे जमवून त्याची शहानिशा करण्याची प्रक्रिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहा जणांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला सामोरे जावे लागते. तक्रार क्वचितच होते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, जेवण आणि औषध बहुधा त्याच्याच हातून मिळत असते. त्यामुळे केवळ पीडिताच्या तक्रारीवर उभा राहिलेला तपास ती मागे घेतली जाताच कोसळतो.

पहिली अडचण शरीराची. म्हातारपणी कातडी पातळ होते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जराशा धक्क्यानेही काळे-निळे डाग उमटतात. अपघाती डागांविषयी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे नव्वद टक्के डाग हातापायांवर आढळले. मान, कान, नितंब, तळपाय येथे एकही नव्हता. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हेही खात्रीने सांगता येत नाही, असे त्यातून दिसले. म्हणून ‘जुना डाग’, ‘ताजा डाग’ असे शेरे मारण्यापेक्षा जागा, आकार, मोजपट्टीसह छायाचित्र आणि घरच्यांनी सांगितलेले कारण शब्दशः नोंदवावे. जखम आणि सांगितलेले कारण यांचा मेळ बसत नाही, तिथे शोध घ्यावा. शय्याव्रण (अंथरुणाला खिळून राहिल्याने होणाऱ्या जखमा) चांगल्या शुश्रूषेतही होऊ शकतात. पण ते चिघळेपर्यंत डॉक्टरांना का दाखवले नाही, हा प्रश्न उरतोच. चिठ्ठीवरील औषधे आणि डब्यात उरलेल्या गोळ्या यांचा हिशेबही करावा.

बोलणे एकांतात व्हायला हवे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७९ नुसार साठीपुढच्या साक्षीदाराला पोलिस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी जायचे असते. ही सवलत रास्त आहे, पण छळणारा त्याच घरात असेल तर तीच आड येते. स्वेच्छेने ठाण्यात येण्याची मुभा मात्र कायद्याने दिलेली आहे. ‘सुनेने मारलं का?’ असे विचारू नये, ‘हे कशानं झालं?’ असे विचारावे. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ‘माझे पैसे चोरले’ म्हणते तेव्हा ते आजाराचे लक्षण असू शकते आणि खरेही. तिला वेड्यात काढण्याआधी पासबुक पाहावे.

आर्थिक लुबाडणूक कागदांवर माग ठेवते : अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या एटीएम कार्डावरून काढलेली रोकड, सही येत असताना घेतलेला अंगठा, मोडलेल्या ठेवी, आजारपणात नोंदवलेले बक्षीसपत्र, सातबाऱ्यावरचा फेरफार. मोबाइलमधील ध्वनिमुद्रण किंवा सीसीटीव्हीचे चित्रण न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ते कोणत्या उपकरणावरून व कसे मिळाले याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या २००७ च्या निर्वाह व कल्याण कायद्याखाली न्यायाधिकरण संक्षिप्त चौकशी करते. साक्षी शपथेवर घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, कलम २३ खाली परत मिळू शकते. अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले. तिथे बक्षीसपत्रासोबत मुलाने सांभाळाची हमी दिलेले वचनपत्र होते. मुलाने ते बनावट म्हटले, तरी दोन्ही कागद एकत्र वाचून न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला.