अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात आपला नंबर लागेल का? अर्ज करण्याआधी अंदाज कसा घ्यावा

२०२४ च्या पदवी प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि होकार मिळाला १,९३७ जणांना. शंभरात चारही नाहीत. हे वाचून पुढचा प्रश्न हमखास येतो: मग माझी शक्यता किती टक्के? खरं तर तो आकडा कुणा एकाचा नाहीच, सगळ्या अर्जदारांची मिळून काढलेली ती सरासरी आहे. विद्यापीठाच्या संघासाठी प्रशिक्षकाने आधीच हेरलेला खेळाडू आणि आर्थिक मदत मागणारा परदेशी विद्यार्थी या दोघांना एकच आकडा लावून काही कळत नाही.

पात्रतेची अट अगदी साधी आहे. शालेय शिक्षण पूर्ण केलेलं किंवा अर्जाच्या वर्षी पूर्ण होणारं असावं. कटऑफ नाही, गुणवत्ता यादीही नाही. आणि गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण गुणांवर सगळं ठरतं अशी सवय झालेल्याला हा प्रकार पटकन पचत नाही. प्रवेश देताना वंशाचा विचार केल्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात न्यायालयापुढे आलेले आकडे पाहा. २०१५ च्या प्रवेशासाठी अमेरिकेतलेच सुमारे २६,००० अर्जदार होते आणि त्यांतल्या साधारण २,००० जणांना होकार मिळणार होता. एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या गणितात पैकीच्या पैकी गुण असलेले ३,४०० हून अधिक होते, तर शाळेतली सरासरी परिपूर्ण असलेले ८,००० हून अधिक. गुणांमुळे तुमची फाइल बाजूला पडत नाही, एवढंच. निवड त्यानंतर होते.

अंदाज घ्यायचा तर ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे विद्यापीठ ठरावीक नमुन्यात दरवर्षी जाहीर करतं ती आकडेवारी, उघडा. विद्यापीठाच्या नावासोबत हे शब्द शोधले की बहुतेक ठिकाणची पीडीएफ सापडते. त्यातला ‘सी’ विभाग आपल्या कामाचा. सी-९ मध्ये एसएटी आणि तिच्यासारख्याच एसीटी या परीक्षेचे २५ व्या आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे गुण असतात, म्हणजे ज्यांच्या खाली अनुक्रमे पाव आणि पाऊण विद्यार्थी येतात ते. इथे दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. हे गुण होकार मिळालेल्या सगळ्यांचे नसून प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचे असतात. शिवाय परीक्षा ऐच्छिक असेल तर ज्यांनी गुण कळवले तेवढ्यांचेच. किती टक्के विद्यार्थ्यांनी कळवले हे शेजारीच छापलेलं असतं, आधी ते वाचा. आपले गुण खालच्या आकड्याच्याही खाली असतील तर बाकीची फाइल फारच दमदार हवी.

सी-७ चा तक्ता मला त्याहून मोलाचा वाटतो. कोणत्या घटकाला किती वजन, हे विद्यापीठ तिथे स्वतः सांगतं. एमआयटीच्या (मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या) तक्त्यात ‘अतिशय महत्त्वाचं’ या रकान्यात खूण आहे ती स्वभाव आणि व्यक्तिगत गुणांपुढे, आणि माजी विद्यार्थ्याशी असलेलं नातं मुळीच धरलं जात नाही. स्वभाव कळतो तो बहुधा शिफारसपत्रातून, म्हणून ते कोणाचं घ्यायचं याचा विचार नीट करा. पत्र मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाचं असण्यापेक्षा वर्गात रोज पाहणाऱ्या शिक्षकाचं असलेलं बरं.

कागदपत्रांत लागतात: शाळेचं गुणपत्रक, शाळेचा अहवाल आणि समुपदेशकाचं पत्र, बहुधा दोन विषयशिक्षकांची पत्रं, शेवटच्या वर्षाचा मध्यावधी निकाल, आणि शिक्षण इंग्रजीतून झालं नसेल तर बऱ्याच ठिकाणी टोफेल किंवा तत्सम इंग्रजीची परीक्षा. एसएटीचे नियम मात्र जागोजागी वेगळे. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये तसं जाहीर केलं, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संकुलांत प्रवेश ठरवताना ते गुण पाहतच नाहीत.

बहुतेक अर्ज अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जावरून, म्हणजे कॉमन अ‍ॅपवरून जातात. एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचे अर्ज स्वतंत्र. कॉमन अ‍ॅपमधला मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा, आणि उपक्रमांसाठी जागा दहा, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. ‘विज्ञान मंडळाचा अध्यक्ष, अनेक उपक्रम यशस्वीपणे राबवले’ असं लिहून ती वाया घालवू नका. ‘दुर्बिणीचा आरसा स्वतः घासला; दोन वर्षं निरीक्षणांची वही; दर महिन्याला शाळेत आकाशदर्शन’ एवढ्यात वाचणाऱ्याला माणूस दिसतो.

पैशांचा प्रश्न शक्यतेला थेट भिडतो, तरी तो शेवटी विचारला जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे परदेशी अर्जदाराने मदत मागितली म्हणून निवडीत फरक पडत नाही. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी परदेशी अर्जदाराच्या बाबतीत पडतो. मदतीसाठी बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल (घरच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज) भरावं लागतं, त्यासोबत पालकांच्या उत्पन्नाची आणि कराची कागदपत्रं. ‘मदत नको’ अशी खूण करून नंतर मागू, हा हिशोब करू नका. अनेक ठिकाणी ती दारं मग बंद होतात.

नेहमीच्या फेरीआधी होणाऱ्या लवकरच्या फेरीची मुदत बहुधा १ नोव्हेंबर असते. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) इथे ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे होकार आला की जाणं बंधनकारक. एमआयटीची ‘अर्ली अ‍ॅक्शन’ बांधून ठेवत नाही. या फेरीत होकाराचं प्रमाण जास्त दिसतं खरं, पण हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं इथे जास्त असतात. त्यांना वजा केलं की उरणारा फायदा तेवढा मोठा राहत नाही.

आता एक गणित, जे भल्याभल्यांना फसवतं. पाच टक्के शक्यतेची दहा विद्यापीठं धरली तर कुठेतरी लागण्याची शक्यता चाळीस टक्के, असं कागदावर येतं. पण हे गणित प्रत्येक निकाल एकमेकांपासून सुटा मानतं. तुमचा निबंध, तुमची पत्रं, तुमचे गुण तर दहाही ठिकाणी तेच जातात. एका समितीला जे खटकलं ते दुसरीलाही खटकू शकतं. म्हणून यादीत निम्मी तरी नावं अशी ठेवा, जिथे तुमचे गुण सी-९ च्या वरच्या आकड्यापुढे आहेत, होकाराचं प्रमाण बऱ्यापैकी आहे आणि खर्च झेपतो.

नेहमीच्या फेरीचे निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात आणि उत्तर साधारणपणे १ मेपर्यंत द्यायचं असतं. प्रतीक्षा यादीत नाव आलं तर त्याच डेटा सेटमधला सी-२ पाहा. यादीत किती जण थांबले आणि त्यांतल्या किती जणांना घेतलं, हे तिथे वर्षागणिक असतं. काही वर्षी तो दुसरा आकडा शून्यही असतो, तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाची अनामत १ मेच्या आत भरून ठेवा.